बंबी

तुर्भ्याच्या दाणाबाजारात माझं काम एवढंच:
पोत्याच्या कुशीत बंबी खुपसायची,
मूठभर तांदूळ तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची
आणि शेठला सांगायचं, जुना की नवा.
पोतं कुणी उसवत नाही.
ट्रकभर मालाचा भाव
तीसचाळीस दाण्यांवर ठरतो.

म्हणून ती कॅसेट मला
पहिल्या रात्रीच कळली.

हाशा भोईरने आणली होती, न्हावाशेव्याहून.
कुठल्याशा जहाजावरच्या खलाशाने
सुकटीच्या पिशवीच्या बदल्यात दिलेली.
कव्हर नाही. पाठीवर डॉटपेनने एकच शब्द, सदर्न,
आणि आकडे, एक ते सतरा.
देढिया शेठ म्हणाले, सदर्न म्हणजे मद्रास.
आम्ही पेढीवर दिवाबत्ती करून
मृदंगाची वाट बघत बसलो,
आणि स्पीकरमधून एकदम तीन गिटारी,
तीन जावा एका नळावर भांडाव्यात तशा,
तरी एकीचीही कळशी रिकामी नाही.
शेठ उठून घरी गेले.
आम्ही बसून राहिलो.

सतरा गाणी, सतरा वेगळी टोळकी.
कुणाचा घसा तंबाखूने खरवडलेला.
कुणी तारेवरून काच सरकवतो
आणि तार हंबरते, वासरू विकलेल्या गायीसारखी.
नवव्यात तोंडाने वाजवायचा बाजा,
घाट चढणाऱ्या लोडेड ट्रकगत धापा टाकत.
शब्द म्हणाल तर मला तीनच लागले:
रोड, होम, लॉर्ड.
तेवढ्यावर भागलं.

गाणाऱ्यांचं मला फारसं काही वाटलं नाही कधी.
कुतूहल होतं ते निवडणाऱ्याचं.
दोन दणक्यांनंतर तिसरं गाणं त्याने संथ ठेवलं,
पंगतीत भात कधी फिरवायचा
हे कळणाऱ्या आचाऱ्यासारखं.
बारावं मात्र खडा.
दाताखाली आलं की दर वेळी तोंड वाकडं.
पण बिनखड्याचा तांदूळ
मी तरी या बाजारात पाहिलेला नाही.

आणि आठवं.
आठवं संपतच नाही.
गिटार चढत जाते, आणखी चढते,
आता काहीतरी होणार असं वाटतं
आणि पट्टी संपते. खट्.
कॅसेट काढायची, उलटायची, नववं.
कोपरखैरण्याच्या माथाडीच्या खोलीत
एकोणीस वर्षं मी ते असंच ऐकलं,
बायको झोपल्यावर, आवाज बारीक करून.

मग भाची आली, दर्शना. फोन पुढे धरला.
फोनने आठवं ओळखलं, मला एवढी वर्षं न कळलेलं नाव
चार सेकंदांत सांगितलं.
मामा, यांचे अकरा आल्बम आहेत. सगळे ऐक.

ऐकले. रविवारी, बाजार बंद,
पारसिकच्या डोंगरावर ऊन चढेपासून उतरेपर्यंत.
पोतं उसवलं होतं, तळापर्यंत.
माल चांगला होता, खोटं कशाला बोलू.
पण एक गाणं संपलं की माझा कान
शेजारच्या माणसाकडे वळायचा
आणि पुन्हा तोच माणूस बोलायला लागायचा.
अंगात आपलं, पुढचं कोण याची सवय मुरलेली.

आठव्याचा शेवटही ऐकला.
गिटार आणखी चार मिनिटं चालते,
मग टाळ्या पडतात.
ठीक होता.

दर्शनाने मला सतराच्या सतरा
त्याच ओळीने फोनवर लावून दिली.
बारावं काढू का, म्हणाली. नको म्हटलं.
हाशाला पाठवली तर त्याने विचारलं,
सुकट कुठली होती रे, करंजाची का?

आता रात्री त्या जागी आलं,
गिटार चढत चढत नेमकी तिथे पोचली
की मी बोटाने फोन थांबवतो,
तोंडानेच म्हणतो, खट्,
आणि कूस बदलतो.